नाना, काचेमागचा तो बुडबुडा दाखवलात म्हणून

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

चाळीसगावला तुमच्या गॅरेजवर त्या दुपारी जे केलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

खडी उडून पुढची काच तडकली, ती बदलली, आणि तेव्हापासून गाडीचं काहीतरी बिनसलं. मे महिन्याचं ऊन, काच कोरडी ठणठणीत, तरी वायपर आपोआप फिरायचे आणि पाठोपाठ हेडलाइट लागायचे. समोरून येणारे मोटारसायकलवाले मूठ उघडझाप करून खुणावत राहायचे. जिथे दाखवली तिथे एकच उत्तर : पाऊस ओळखून वायपर चालवणारा अख्खा सेन्सर बदला.

तुम्ही म्हणालात, "पहिले काच दखू." बाहेरून टॉर्च मारलात आणि आरशामागे, सेन्सर आणि काच यांच्यामधल्या पारदर्शक जेलमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे दाखवलेत. काच बदलताना जुनंच जेल पुन्हा दाबून बसवलं होतं. पावसाचा सेन्सर काचेत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडतो. काच कोरडी असली की ते आतल्या आत परावर्तित होऊन परत येतात, थेंब असले की त्यातले काही बाहेर निसटतात. बुडबुड्यांमुळे परतणारे किरण कमी पडले आणि सेन्सरला भर उन्हात पाऊस दिसला. वायपर सलग चालले की दिवेही लागावेत, अशी या गाडीत सोयच आहे. म्हणजे सेन्सर धडधाकट होता. नवीन जेल पॅड बसवलंत, काम झालं. सेन्सर बदलून त्याचं बिल लावलं असतंत, तरी मला कळलं नसतं.

उजेडाचा सेन्सरही त्याच डबीत असतो, हे मला तिथे कळलं. आत फोटोडायोड : जितका उजेड, तितका विद्युतप्रवाह, आणि तो ठरावीक पातळीखाली गेला की दिवे चालू. स्विच ऑटोवर ठेवून तुम्ही बाहेरून काचेवर काळं जाड फडकं धरायला लावलंत. काही सेकंदांत दिवे लागले. फडकं काढल्यावर मात्र लगेच विझले नाहीत, कारण पुलाखालून जाताना दिव्यांची उघडझाप होऊ नये म्हणून तेवढी उसंत मुद्दाम ठेवलेली असते. घरी कुणालाही करता येईल अशी ही तपासणी. निघताना बजावलंत, की फास्टॅग आणि स्टिकर सेन्सरसमोर येऊ देऊ नका आणि आपल्याकडची धूळ त्या जागेवर साचू देऊ नका.

पण सगळ्यात मोलाचं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत : "त्याला उजेड कळतो, धुकं कळत नाही." दिवसाचं पांढरं धुकं सेन्सरला उजेडच वाटतं, दिवे बंद राहतात. पावसाळ्यात कन्नड घाटात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा मी आता स्विच ऑटोवरून काढून दिवे हाताने लावतो. घरात मुलगी नुकतीच गाडी शिकली आहे, तिलाही हे पक्कं सांगितलंय.

पुढच्या सर्व्हिसिंगला मुलगीच गाडी घेऊन येईल. तिलाही तसंच समजावून सांगा, नाना.

आपला,
धुळे रोडवरचा एक गाडीवाला