सासवडच्या काकूंना जाहीर पत्र

ती. काकू,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. फोनवर मी विषय काढला की तुम्ही “बरं बरं, असू दे, जेवलीस का?” म्हणून तो तिथेच मोडता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे. बंड्यासाठी तुम्ही जे केलंत ते तुमच्या-माझ्यातच राहावं असं मला वाटत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. बंड्या हा लॅब्राडॉरच्या मिश्र जातीचा, गव्हाळ रंगाचा, चार-पाच वर्षांचा कुत्रा. एका पहाटे आमच्या शेल्टरच्या फाटकाला नायलॉनच्या दोरीने बांधलेला सापडला. शेजारी स्टीलचं भांडं आणि खाद्याची अर्धी पिशवी. गळ्यात चांगला पट्टा, नखं नीट कापलेली, ‘बस’ म्हटलं की बसायचा. म्हणजे कुणाच्या तरी घरात लाडाने वाढलेला. सोडून जाणाऱ्यांनी गाठ इतकी आवळली होती की दोरी कापावी लागली. अशा लोकांसाठी कायदा आहे. १९६० सालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी टाकून जाणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. तो आकडा अजून तसाच आहे. चार-पाच वर्षं घरात नांदलेल्या जिवाला रस्त्यावर सोडण्याची ही किंमत. ती दोरी आठवली की मला अजूनही संताप येतो.

का सोडलं असेल ते पहिल्याच दिवशी कळलं. हाक मारली की तो जीव तोडून धावत यायचा आणि मधल्या बादलीवर आपटायचा. दचकून मागे सरकायचा, क्षणभर कान लावून उभा राहायचा, आणि परत शेपूट हलवत तिकडेच. इतकं आपटूनही माणसावरचा विश्वास तसूभर कमी झाला नव्हता. नवा माणूस आला की आनंदाने त्याचं अख्खं अंग हलायचं.

डॉक्टरांनी तपासलं. बॅटरीचा झोत टाकला की बाहुल्या आकसायच्या, पण सावकाश. मग कापसाचा बोळा डोळ्यांसमोरून खाली सोडून पाहिला. पडताना आवाज होत नाही, म्हणून या तपासणीला कापूसच घेतात. एखाद्या वेळी त्याची मान बोळ्यामागे वळायची, बहुतेक वेळा नाही. दिवेलागण झाली की तो भिंतीला अंग घासत चालायचा. मोतीबिंदू नव्हता, फूल पडलेलं नव्हतं, वरून पाहिलं तर डोळे स्वच्छ तपकिरी. दृष्टिपटल हळूहळू झिजत जाण्याचा आजार असावा असा डॉक्टरांचा अंदाज होता. लॅब्राडॉरमध्ये तो आनुवंशिक असतो. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग दिवसाचंही. किंवा कधीतरी गोचीड ताप होऊन डोळ्यांना आतून सूज येऊन गेली असेल. नक्की काय आणि किती, हे तेव्हा कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं.

आणि लोकांना तेच नक्की हवं होतं. किती दिसतं? अर्धं दिसतं का? पुढे दिसेल का? कुत्रा न्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सगळ्यात आधी त्याच्या डोळ्यांसमोर हात नाचवून बघायचा. काकू, त्या हाताचा वारा लागला की बंड्याला वाटायचं आपल्याशी खेळताहेत. तो जीभ बाहेर काढून तो हात चाटायचा. हात चाटून घेऊन माणसं निघून जायची.

एका कुटुंबाने नेलाही होता. आठवडाही झाला नाही तोच परत आणून सोडला. सोफ्याला धडकतो, आणि पाहुणे विचारतात याच्या डोळ्यांना काय झालं, ही कारणं. दुसऱ्या एका घरची सगळी तयारी होती, तर सोसायटीतल्या पदाधिकाऱ्यांनी आंधळं कुत्रं लिफ्टमध्ये चालणार नाही म्हणून मोडता घातला. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर अशी बंदी घालता येत नाही हे प्राणी कल्याण मंडळाने स्पष्ट सांगितलेलं आहे, तो कागद दाखवला तरी ऐकेनात. फार्महाऊसवाल्यांना राखण हवी होती. एका सुशिक्षित गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन समजावलं की याला इंजेक्शन देऊन सोडवणं हेच दयेचं ठरेल. त्या वेळी बंड्या त्यांच्याच बुटाची नाडी दातात धरून खेळत होता. दया कुणाची, कुणावर? ज्याला खावंसं वाटतं, खेळावंसं वाटतं, माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसं वाटतं, त्याला कशातून सोडवायचं होतं?

तुम्ही आलात ते भाच्याबरोबर. त्याला पिल्लू बघायचं होतं आणि तुमचे गुडघे दुखत होते, म्हणून तुम्ही ओट्याच्या पायरीवर टेकलात. बंड्या आपणहून तुमच्याकडे आला. मी सवयीने सांगायला लागले, याला बहुतेक दिसत नाही, म्हणजे थोडं दिसत असेल कदाचित. तुम्ही हाताने मला थांबवलंत. त्याच्या डोळ्यांसमोर हात नाचवला नाहीत, डोक्यावरून हातही फिरवला नाहीत. नुसतं पदराचं टोक त्याच्यापुढे धरलंत. त्यात स्वयंपाकघरातला सगळा वास असणार, फोडणीचा, भाकरीच्या पिठाचा, चुलीच्या धुराचा. तो हुंगतच राहिला. पदर, मग मनगट, मग चप्पल, मग परत पदर. मी त्याला आवरायला गेले तर म्हणालात, “वास घेऊ दे की पोरी त्याला. घाई काय आहे?”

निघताना एकच विचारलंत, रात्री कशावर निजतो? गोणपाटावर, असं मी म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत.

पुढच्याच आठवड्यात भाचा मोटारसायकलवरून एक पिशवी घेऊन आला. आत तुमचं जुनेर होतं. अंजिरी रंगाचं, सुती, काठ विरलेलं. आणि त्याच्याकडे तोंडी निरोप. “धुतलेलं नाही, मुद्दामच. दोन दिवस नेसून मग दिलंय. बंड्याच्या अंगाखाली घाला. माझ्याकडे यायचं ठरलं तर घर अनोळखी वाटायला नको. नाही ठरलं तरी ऊब होईल.”

हे पत्र मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे. नाही ठरलं तरी ऊब होईल. तोवर तुम्ही हो म्हटलं नव्हतं. आम्हीही तुमचं घर पाहिलं नव्हतं. तो तुमच्याकडे येईल की नाही, त्याला किती दिसतं, पुढे काय होईल, यातलं काहीही ठरलेलं नसताना तुम्ही अंगावरचं लुगडं काढून त्याच्यासाठी पाठवलंत. बाकी सगळे याच्याकडून आपल्याला काय मिळेल ते तपासत होते. त्याला आपली ओळख कशी पटेल, हा विचार करणाऱ्या तुम्ही पहिल्या.

बंड्याने ते जुनेर दातात धरून कोपऱ्यात ओढत नेलं, पंजांनी गोळा केलं आणि त्यात तोंड खुपसून झोपला. शेल्टरमध्ये आल्यापासून रात्री दोन-तीनदा उठून तो गजांना नाक लावून उभा राहायचा. त्या रात्री उठला नाही, असं रखवालदार मामांनी सांगितलं.

डॉक्टरांना मी हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, १० ते १४ दिवसांनी उघडतात. कानही तोवर बंदच. म्हणजे सुरुवातीचे ते सगळे दिवस आई म्हणजे फक्त वास आणि ऊब. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, तर लॅब्राडॉरएवढ्या कुत्र्यात त्या २० कोटींच्या घरात असल्याचं मानतात. तुम्ही यातलं काही वाचलेलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की तान्ह्याला दुसऱ्याकडे ठेवायची वेळ आली तर आईचं लुगडं बरोबर देतातच की.

पुढे घराची पाहणी, कागदपत्रं, सह्या सगळं रीतसर झालं. ते सांगत बसत नाही. त्याला घेऊन आम्ही निघालो तो दिवस मात्र सांगायलाच हवा. दिवे घाट लागला तसं त्याने खिडकीच्या फटीला नाक लावलं ते सासवड येईपर्यंत काढलं नाही. गाडी तुमच्या दारात थांबली. तुम्ही मुद्दाम हाक मारली नाहीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गप्प उभ्या राहिलात. माझा जीव वरखाली होत होता. नवं घर, नवी जमीन, कुठे आपटेल, कुठे पडेल. तो अंगणात थबकला, मान वर केली, नाक हललं. आणि ओटी, माजघर ओलांडून सरळ तुमच्या पायांशी जाऊन बसला. माझ्याबरोबर गाडी चालवायला आलेला मुलगा फार बोलका आहे. परतीच्या वाटेवर घाट उतरून होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

तुम्ही मग घर त्याच्यासारखं लावून घेतलंत. पायरीच्या आधी काथ्याचं पायपुसणं टाकलंत, म्हणजे पंजाला खरखर लागली की पुढे उतार आहे हे त्याला समजतं. पाण्याची कुंडी एकाच कोपऱ्यात. वृंदावनाच्या कोपऱ्यांना जुनी गोधडी बांधली. हे मी सांगायच्या आधीच करून मोकळ्या झाला होतात.

गल्लीही बदलली ना, काकू! दूधवाले भाऊ आता फाटकाच्या आधीच सायकलची घंटी वाजवतात. समोरचा मुलगा गाडी रोज त्याच जागी लावतो, कारण बंड्याने वाट पाठ केली आहे आणि मधे गाडी आली तर त्याला लागेल. कुणी सभा घेतली नाही, फलक लावला नाही. ज्येष्ठात माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला होती, तेव्हा एवढ्या गर्दीत आणि टाळ-मृदंगात तो बिथरेल म्हणून मी घाबरून तुम्हाला फोन केला होता. तुम्ही सांगितलंत की तो अंगणात टेकलेल्या वारकऱ्यांचे पाय हुंगत एकेकाच्या मांडीपाशी जाऊन बसतोय. एका आजोबांनी आपली अर्धी भाकरी त्याला दिली आणि तुम्हाला विचारलं, “तुपाची वाटी आहे का हो घरात?” सगळे हसले, आणि तुम्ही खरोखर तूप आणलंत.

मला वाटतं, भली माणसं अशीच असतात. आधी सगळं पारखून, हिशेब लावून मग पुढे होत नाहीत. समोरच्याला आत्ता काय लागेल ते बघतात आणि तेवढं करून टाकतात, पुढचं पुढे. मोठी देणगी देणारे मी पाहिले आहेत, त्यांचे उपकारच आहेत, त्यावर आमचं खाद्य आणि औषधं चालतात. पण नेसतं लुगडं पाठवायला जे लागतं ते पैशाने येत नाही.

गेल्या आठवड्यात मोठ्या तपासणीचा रिपोर्ट आला. दृष्टिपटलातून निघणारे विजेचे संकेत मोजतात, ती तपासणी. आलेख सपाट होता. म्हणजे आता त्याला काहीच दिसत नाही, उजेड-अंधारसुद्धा नाही. इतके महिने अंदाजावर असलेलं एकदाचं पक्कं झालं. तुम्हाला फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता. मी सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आणि विचारलंत, “दुखत तर नाही ना गं त्याला?”

काकू, एवढ्या लोकांनी त्याच्या डोळ्यांबद्दल एवढं विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. नाही, दुखत नाही, या आजारात वेदना नसतात, असं मी सांगितलं. “मग झालं तर,” म्हणालात आणि त्याला भाकरी कुस्करायला गेलात. फोन चालूच होता, मला भांड्याचा आवाज ऐकू येत होता. मी तिथेच बसून पोटभर रडून घेतलं.

तुमच्यामुळे आमच्याकडे आता एक रीत पडली आहे. कुत्रा न्यायचं मनात आलं की आम्ही आधी घरातलं एखादं वापरलेलं, न धुतलेलं कापड मागतो. टॉवेल, सदरा, काहीही. ज्यांना ते द्यायला कसंसंच होतं त्यांचं बरंच काही तिथेच कळतं. एका डोळ्याने अधू असलेली आमची म्हातारी कुत्री सध्या कुणाच्या तरी लुंगीवर झोपते आहे, आणि त्या घरचे येत्या रविवारी तिला न्यायला येणार आहेत.

बंड्याची रेबीजची लस दिवाळीच्या आधी द्यायची आहे. कार्ड माझ्याकडेच आहे, मी डॉक्टरांना घेऊन येते, तुम्ही कुठे जायची दगदग करू नका. फटाक्यांच्या रात्री त्याला माजघरात घ्या, दार लावून रेडिओ चालू ठेवा आणि त्याचं जुनेर जवळ असू द्या. आणि यंदा साफसफाईत ते धुवायला काढू नका.

तुमची,
शेल्टरमधली पोरगी