स्टॉक गटाची गाडी लावताना

नाशिक

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मोटरसायकल शर्यतीच्या स्टॉक १६५ सीसी गटात, म्हणजे कंपनीतून आलेल्या इंजिनवरच धावायच्या गटात, उतरायचं ठरवलंस ना, मग इंजिनला हात लावू नकोस. शर्यतीनंतर गाडी उघडून बघू शकतात, आणि पोर्ट (इंजिनात हवा-पेट्रोल आत-बाहेर जायची वाट) घासलेलं सापडलं की निकाल गेला. पैसे टायर, ब्रेक आणि सरावावर घाल. गाडीवरच्या शर्यतीच्या नंबर-फलकाचे आकडे त्या वर्षीच्या नियमावलीतून घे, मित्राच्या गाडीवरून नको.

आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, दोन्ही स्टँड काढ. कूलंटऐवजी साधं पाणी भर. कूलंटमधला ग्लायकोल ट्रॅकवर सांडला तर मागच्यांची चाकं घसरतात.

खरा वेळ जातो सेफ्टी वायरला, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून ओवून बांधायच्या तारेला. ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिलर कॅप, फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट, सगळ्यांना वायर लागते. बोल्ट गाडीवरून काढून व्हाइसमध्ये धर, डोक्याच्या कोपऱ्याजवळ सेंटर पंच मार आणि दीड मिलिमीटरचं ड्रिल हळू चालव, तेल सोडत. पलीकडे बाहेर पडताना जोर दिलास की हमखास तुटतं. तीन-चार ड्रिल जास्तीचे आण. जमलं नाही तर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडे दे, लाज कसली! बोल्ट आधी नेमक्या टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळ, मग वायर अशी पीळ की तिची ओढ आवळायच्या दिशेनेच राहील. उलटी बांधलेली वायर शोभेचीच.

ब्रेकचं तेल नवं डॉट ४ घाल. ताजं २३० अंशांच्या वर उकळतं, हवेतली ओल प्यायलेलं १५५ च्या आसपास, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातून गेलेलं तेल ओलंच समज. तिसऱ्या-चौथ्या फेरीत लिव्हर मऊ लागते ती यामुळे. चेनचा ढील कुणाला तरी गाडीवर बसवून माप. ताठ चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगचा जीव घेते. हँडल दोन्ही टोकांना वळवून थ्रॉटल सोड, चटकन बंद झालाच पाहिजे.

टायरची हवा पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाडी थांबवायच्या जागेत) शिरल्या शिरल्या, टायर गरम असतानाच मोज. दहा मिनिटांनी घेतलेला आकडा निरुपयोगी.

गंगापूर रोडवर रात्रीचा सराव डोक्यातून काढ. समोरून ट्रक येणाऱ्या रस्त्यावर ट्रॅकची लाइन (वळणातून गाडी न्यायची वाट) शिकता येत नाही, वर चलान येतं ते वेगळं. रिकाम्या मैदानात दोन खुणा ठेवून फक्त ब्रेकिंग कर.

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी रेल्वे पार्सलने पाठवणार असशील तर टाकी पूर्ण रिकामी कर आणि आरसीची झेरॉक्स सोबत ठेव. पेट्रोलचा वास आला तर गाडी घेत नाहीत.

तुझे,
बाबा