हिशेब येतो, मग वजाबाकी का चुकते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या आठवडे बाजारात चौथीतली एक मुलगी आईशेजारी भरताची वांगी विकते. भाव ६० रुपये किलो. परवा मी पाऊण किलो घेतली आणि शंभराची नोट दिली. तिने लगेच ५५ रुपये परत केले. "कसं काढलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा."

हीच मुलगी वहीत १०० वजा ४५ मांडते आणि उत्तर लिहिते १४५. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करायचा एवढंच तिच्या लक्षात राहिलंय. बाजारात हिशेब येतो पण वहीत अडतो, हेच निरीक्षण कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. उलट, शाळेत गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळली, हेही त्यात आहे.

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मी बरीच वर्षं शिकवलं. हातच्याची रीत आधी सांगितली की मुलं ती पाठ करत आणि आठ दिवसांत विसरत. मग मी काड्यांचे गठ्ठे आणले. शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे करायचे, त्यातला एक सोडून दहा सुट्या काड्या. मुलांनी हे हातांनी केलं, मग वहीत चित्र काढलं, आकडेमोड त्यानंतर. वेळ जास्त गेला, पण हातचा पुन्हा शिकवावा लागला नाही. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना रीत त्यांच्याच बोलीत सांगू द्यावी लागे. 'एकोणसाठ' ऐकून 'साठ'च्या ओढीने ६९ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहिली. म्हणून २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या, एकवीसऐवजी आलेल्या 'वीस एक'ची टिंगल झाली तेव्हा वाईट वाटलं. मलाही एकवीसच गोड वाटतं, पण अडचण खरी होती.

पाढे पाठ हवेतच. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढेसुद्धा पुन्हा म्हणून घ्यावेत. त्या मुलीचा पाऊण किलो तिथूनच वहीत येईल.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात एक उदाहरण आहे: बाजारात एका द्रम्माला ३०० आंबे, एका पणाला ३० डाळिंबं, तर १० आंब्यांच्या बदल्यात डाळिंबं किती? द्रम्म आणि पण ही तेव्हाची नाणी; एका द्रम्माचे १६ पण, म्हणून उत्तर १६ डाळिंबं. खान्देशातल्या शाळेला बाजाराचं वावडं असायचं काही कारण नाही.

एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आणि वर सर्वेक्षणाची कामं, हे मी भोगलंय. म्हणून मागणी छोटीच करतो. केंद्रप्रमुखांनी वर्गभेटीत वह्यांवरच्या सह्या मोजण्याआधी दोन मुलांना फळ्याशी बोलवावं आणि "कसं काढलंस?" एवढं विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावं.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. यावल, जि. जळगाव