गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मग मला झोप लागली नाही. पाच दिवस खपून तू तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उभा केलास. क्लचच्या सगळ्या फ्रिक्शन प्लेटा नव्या, सील-किट नवं. आणि गाडी गेली ती चौथ्या दिवशी तक्रार घेऊन परत आली. "बाबा, उद्या सकाळी परत उतरवते," म्हणालीस. उतरवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत पान्याला हात लावू नकोस. फोनवर मी फार बोललो नाही, कारण तू रडवेली झाली होतीस आणि तेव्हा काही सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या तक्रारी मी कागदावर मांडल्या. दुसऱ्या गिअरवरून तिसरा पडताना इंजिनची रेस क्षणभर वर जाते, मग तिसरा झटक्याने बसतो. रिव्हर्सला टाकलं की दोन-तीन सेकंद गाडी हलतच नाही. एका वेगात जाताना कधीकधी थरथर. पहिला आणि दुसरा ठीक. आणि तिसरा एकदा बसला की कितीही रेस दिली तरी सुटत नाही. हे शेवटचं तू बोलता बोलता सांगून गेलीस, पण सगळ्यात मोलाचं तेच आहे.

कारण प्लेटा जळाल्या असत्या, तर चढावर रेस दिल्यावर तिसरा नक्की घसरला असता. तो घसरत नाही, म्हणजे प्लेटांची पकड शाबूत आहे. क्लच धरतो, पण उशिरा धरतो. प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनच्या मागे तेल भरायला वेळ लागतोय, किंवा भरलेलं तेल कुठेतरी गळतंय. आता मॅन्युअलमधला तो तक्ता काढ, कुठल्या गिअरला कुठला क्लच लागतो तो. चार गिअरच्या बऱ्याच खोक्यांत, म्हणजे गिअरबॉक्सांत, तिसऱ्याला आणि रिव्हर्सला एकच क्लच लागतो, आणि चौथ्यातही तोच धरून राहतो. तुझ्या खोक्यात तसं असेल तर तुझ्या दोन तक्रारी ही खरं तर एकच तक्रार आहे. अख्ख्या गिअरबॉक्समधून तू एका क्लचपाशी येऊन पोचलीस, आणि अजून एक बोल्टही सैल केलेला नाहीस.

तरी सुरुवात तेलापासूनच कर. तेल बघितलंय असं तू म्हणालीस, पण कसं बघितलंस ते मी विचारायचं राहिलं. कोरड्या खोक्यात तेल भरताना सगळ्यांचीच इथे गफलत होते. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा कन्व्हर्टर बरंच तेल पितो. सुरुवातीला तेल मापायच्या काठीवर पातळी पुरी दिसते आणि इंजिन चालू केलं की खाली जाते. म्हणून गाडी सपाट जागी उभी कर, इंजिन चालू ठेव, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरव आणि मग काठी ओढ. तेलही तापलेलं हवं. काठीवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतात. गरमची खूण साधारण ७० ते ८० अंशांची असते. थंड तेल त्या खुणेपर्यंत भरलंस तर तापल्यावर ते जास्त होतं, फिरत्या भागांना लागून घुसळलं जातं आणि फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही. काठी ओढल्यावर लगेच पुसू नकोस, उजेडात तिरकी धरून बघ. तेलात बारीक बुडबुडे दिसले, फेस वाटला, तर एक तर तेल जास्त आहे किंवा फिल्टरच्या मानेवरची रिंग नीट बसलेली नाही आणि पंप हवा ओढतोय. त्या रिंगेकडे विशेष लक्ष दे. जुनी आतच राहते आणि तिच्यावर नवी चढवली जाते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. काठीच नसेल तर तपासणीच्या बोल्टमधून बघावं लागतं, आणि त्या वेळचं तेलाचं तापमान बहुतेक वेळा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास ठरवून दिलेलं असतं. हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस, स्कॅनरवर तापमान वाच.

तेलानंतर, गिअरबॉक्स उतरवताना तू बाहेरचं जे जे सोडवलंस ते सगळं. हे मला फार महागात पडून कळलं. मी तुझ्या वयाचा असताना एका गाडीचा गिअरबॉक्स केला. गाडी बाहेर काढली तर तिसऱ्यातच अडकून बसलेली. पहिला नाही, दुसरा नाही. आपल्याच हातून आत काहीतरी राहिलं या भीतीने मी तो उतरवला, सगळा खोलला, काही सापडलं नाही, परत चढवला. तसंच. परत उतरवला. तिसऱ्या रात्री बॅटरीखाली हात घातला तेव्हा बोटांना एक चपटी वेणीदार पट्टी लागली, नुसती लोंबकळणारी. बॉडीपासून गिअरबॉक्सला येणारी अर्थिंग. मी ती लावलीच नव्हती. तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सोलेनॉइडला धड करंट मिळत नव्हता म्हणून कॉम्प्युटरने खोकं वाचवायला ते एका गिअरवर रोखून धरलं होतं. मी बोल्ट आवळला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली. त्या बोल्टखालचा रंग घासून मी धातू उघडा केला होता, तो चकचकीत गोल अजून डोळ्यांपुढे आहे. दोन वेळा खोललेल्या त्या खोक्याचे सगळे गॅस्केट फुकट गेले, आणि गाडीवाल्याचा विश्वास गेला तो गेलाच.

म्हणून बॅटरी लावून अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप मोज. कनेक्टर एकेक काढून आतल्या पिना बघ, एखादी मागे सरकली असेल. इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचे कनेक्टर सारखे दिसत असतील तर अदलाबदल झाली नाही ना ते बघ. बेल हाउसिंग, म्हणजे खोक्याचं इंजिनकडचं तोंड, आणि इंजिनच्या मध्ये वायर चेपली नाही ना तेही बघ. खोक्याला थ्रॉटलकडून केबल येत असेल तर ती आत्ताच्या आत्ता मापाने लाव, कारण ती ढिली राहिली तर काही खोक्यांत लाइन प्रेशर, म्हणजे पंपाचा मुख्य तेलदाब, कमी राहतं आणि नव्या प्लेटा थोड्याच दिवसांत जळतात. गाडी अजून चालते आहे यावर विसंबू नकोस.

मग स्कॅनर. कोड पुसण्याआधी लिहून ठेव, फोटो काढ. पी०७०० हा कोड एकटा दिसला तर तो फक्त ट्रान्समिशनकडे बघा असं सांगतो, खरा कोड ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. पी०७३३ म्हणजे तिसऱ्याचं गुणोत्तर जुळत नाही. तो इनपुट आणि आउटपुटच्या वेगाची तुलना करून येतो, त्यामुळे सेन्सर चुकला तरी येऊ शकतो. म्हणून लाइव्ह डेटावर दोन्ही आकडे शेजारी लावून गाडी चालव. तिसरा थेट, म्हणजे एकास एक असेल, तर तो बसल्यावर दोन्ही आकडे सारखे दिसायला हवेत. रेस वर जाते त्या क्षणी इनपुट किती पुढे पळतो आणि किती वेळ, ते लिही. आणि अॅडॅप्टेशन रीसेट केलंस का? कॉम्प्युटरला जुन्या झिजलेल्या क्लचची सवय असते. किती वेळ तेल द्यायचं, किती दाबाने द्यायचं, हे त्याने त्या प्लेटांवरून शिकलेलं असतं. प्लेटा बदलल्या तरी त्याला ते कळत नाही. बॅटरी काढून हे आकडे सगळ्याच गाड्यांत जात नाहीत, स्कॅनरनेच पुसावे लागतात. त्यानंतर कंपनीने सांगितलेली शिकवण्याची फेरी मार, हलक्या पायाने, प्रत्येक गिअर पुन्हा पुन्हा पाडत. अशी फेरी मारल्यावर निम्म्या तक्रारी गेल्याच्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तेवढ्याने गेलं नाही तर प्रेशर गेज लाव. अंदाज इथे संपतो. आयडलला ड्राइव्हमध्ये किती, रिव्हर्समध्ये किती, मॅन्युअलच्या आकड्याशी ताड. रिव्हर्सचा दाब ड्राइव्हपेक्षा जास्त असायला हवा. दोन्हीकडे कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरकडे बघ. लाइन प्रेशर बरोबर आणि तरी तिसरा उशिरा, तर दोष त्या क्लचच्या वाटेवरच आहे. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस, करून बघायचा मोह होईल. नव्या खोक्यावर करू नकोस. पाच सेकंदांतसुद्धा आत प्रचंड उष्णता होते, आणि तुला कळायचं ते गेजवरून कळतंच आहे.

आणि आता ज्यासाठी मी तुला थांबवलं ते. तो क्लच तपासायला खोकं उतरवावं लागतंच असं नाही. खालचं तेलाचं चेंबर काढ, क्लचांना तेल वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी काढ. वर खोक्याच्या कवचात भोकं दिसतील, आणि कुठलं भोक कुठल्या क्लचला जातं त्याची आकृती मॅन्युअलमध्ये असते. रबरी टोकाचं नोझल त्या भोकाशी घट्ट धर, डोळ्यांवर चष्मा लाव, कोरडी हवा ३० ते ४० पीएसआयवर ठेव आणि सोड. गॅरेजमधले बाकीचे आवाज बंद करून ऐक. क्लच चांगला असेल तर आतून जाड, भरीव "ठप" येईल आणि हवा सोडली की पिस्टन परत आल्याचा हलका आवाज. रिंगांपाशी थोडीशी सूं चालते. पण नुसतं लांबलचक फुस्स आलं आणि ठप आलाच नाही, तर पिस्टनच्या सीलचा ओठ उलटला आहे किंवा ड्रमला तेल देणारी रिंग बसवताना तुटली आहे. तेव्हा खोकं उतरव, माझी हरकत नाही. तेव्हा तुला काय शोधायचंय ते माहीत असेल.

ठप चांगला आला तर गिअरबॉक्स जागच्या जागी ठेव आणि व्हॉल्व्ह बॉडी टेबलावर घे. त्यातल्या छोट्या गोळ्या मोज, एकही जागा चुकली तरी गिअर पडायचा वेळ बदलतो. गिअर पडतानाचा झटका शोषणाऱ्या अॅक्युम्युलेटरच्या स्प्रिंगा लांबीने, रंगाने वेगळ्या असतात, त्यांची अदलाबदल सहज होते. प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने घसरतो का बघ, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या टॉर्कनेच आवळ. जोडताना तू त्या क्लचच्या प्लेटांमधली फट फिलर गेजने मोजली होतीस ना? तो आकडा वहीत असेल तर मला सांग. फट जास्त राहिली असेल तर पिस्टनला लांब जावं लागतं आणि हेच सगळं घडतं.

थरथर वेगळी ठेव. तिचा या क्लचशी संबंध असेलच असं नाही. ती यायला लागली की वेग तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी निसटता स्पर्श कर, फक्त दिवा लागेल इतका. कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि खोकं थेट जोडणारा त्यातला क्लच, सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर कन्व्हर्टरचा लॉकअप किंवा तेलाची जात बघ. तशीच राहिली तर बहुधा इंजिन मिसिंग करतंय, आणि गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नाही. रिकाम्या, सरळ रस्त्यावरच कर, मागे कुणी नसताना.

दोन प्रश्न राहिले. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर धुतलास का? जुन्या जळक्या प्लेटांची भुकटी त्यात बसलेली असते आणि पहिल्याच दिवशी नव्या खोक्यात येते. दुसरं, कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला होता ना? ढकलत फिरवताना तो दोन-तीनदा आत घसरायला हवा, आणि बेल हाउसिंग हाताने मिळाल्यावर इंजिनच्या फ्लेक्स प्लेटपर्यंत साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहायला हवी. बोल्टने ओढून घेतलं असशील तर पंपाला इजा झाली असेल, मला न घाबरता सांग.

गाडीवाल्याला आज सकाळीच फोन कर. काय तपासणार आहेस आणि किती दिवस लागतील ते सरळ सांग. आधी कुठली तक्रार होती आणि आता कुठली आहे, हेही त्याच्या तोंडून पुन्हा ऐकून घे.

चेंबर काढलास की त्यातल्या मॅग्नेटचा जवळून फोटो पाठव. राखाडी, मऊ साय असेल तर ती नव्या प्लेटांची आहे. चमकणारे कण किंवा धातूच्या किरच्या दिसल्या तर काही करण्याआधी मला फोन कर. गेजचे दोन आकडे आणि फटीचा आकडाही कळव. मी रात्री जागाच असेन.

तुझे,
बाबा