लोकवर्गणी मोजताना गावाची ऐपतही मोजा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा.

विषय: लोकसहभागामुळे जिल्हा परिषदेच्याच दोन शाळांमध्ये वाढत चाललेली दरी.

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळेचे मूल्यमापन होते तेव्हा लोकसहभागातून किती रुपये जमले, ते लिहावे लागते. ते कोणत्या गावात जमले, तिथे बागायत किती, नोकरदार किती, वर्षातले किती महिने माणसे घरी असतात, हे लिहायला रकाना नाही. तो रकाना नसल्यामुळे काय काय घडते ते मांडण्यासाठी हे पत्र.

कराड, कोरेगाव, फलटणच्या पाटाखालच्या गावांत उसाचे बिल जमा झाले की शाळेची पावती फाडायला कोणी फारसे नाही म्हणत नाही. खंडाळा-शिरवळ पट्ट्यात कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, आहे. माण-खटावात कर्ती माणसे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) आणि हमालीच्या कामासाठी परमुलखात, मेंढपाळ कुटुंबे पावसाळा सरला की कळप घेऊन निघालेली. कांदाटी खोऱ्यात तर शाळेचे साहित्यही लाँचमधून न्यावे लागते. या सगळ्या शाळांना आपण एकाच तक्त्यात गुण देतो.

आधी अनुदानाचा हिशोब. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 पर्यंत 25 हजार, 101 ते 250 पर्यंत 50 हजार, 251 ते 1000 पर्यंत 75 हजार. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे 28 मुलांच्या शाळेला महिन्याला 833 रुपये पडतात. दर मुलामागे पाहिले तर लहान शाळेला जास्तच मिळते, असे कागदावर दिसते. पण वीजबिल, खडू-डस्टर, हजेरीपत्रके, शौचालयाची सफाई, पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी हे खर्च पटाबरोबर कमी होत नाहीत. पाटणच्या हेळवाक भागात कौले आणि पत्रे दरवर्षी पाहावे लागतात; म्हसवडकडे पाऊस कमी, पण पाण्याची टाकी विकत भरावी लागते. दोन्हीकडे रक्कम तीच. शिवाय पट 31 वरून 30 वर आला की एका मुलामागे थेट 15 हजार जातात. आणि पैसे हप्त्याने, बहुतेकदा मार्चच्या तोंडावर येतात, खाते शून्य शिल्लकीचे असते. 31 मार्चपर्यंत खर्च पडला नाही की रक्कम परत. मग मुख्याध्यापक जे पटकन मिळेल ते घेतात, जे लागते ते राहून जाते.

सधन गावात ही उणीव लोकवर्गणी भरून काढते, आणि तिथेच थांबत नाही. रंगरंगोटी, एलईडी टीव्ही, ई-लर्निंग, शिष्यवृत्तीचे गाइड, नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीचा जादा तास, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गावाने महिना काही हजार मानधन देऊन ठेवलेला एक ज्यादा शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी ऑनलाइन माहिती, टपाल, केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) बैठक, निवडणुकीचे काम यांत गेले की चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. सधन गावातही तीच कामे येतात, पण तिथे वर्ग उघडा पडत नाही. पालकांच्या पैशाने पडणारा सर्वांत मोठा फरक हा आहे. टीव्ही आणि रंगाचा फरक त्यापुढे किरकोळ.

यानंतर जे होते ते प्रशासनाच्या नजरेतून सुटते असे आम्हाला वाटते. नावाजलेल्या शाळेकडे शेजारच्या चार वाड्यांतली मुले व्हॅनने जाऊ लागतात. पालकांना दोष देता येत नाही. आपल्या मुलाला नवोदय लागावे असे कोणाला वाटणार नाही? पण ही मुले खासगी इंग्रजी शाळेतून येत नाहीत, जिल्हा परिषदेच्याच शेजारच्या शाळेतून येतात. त्या शाळेचा पट घसरतो, 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता (शिक्षकांची किती पदे मंजूर, ते ठरणे) होते, शिक्षकाचे एक पद जाते, अनुदानाची पायरी खाली येते. उरतात ती मुले, ज्यांच्या आईबापांना व्हॅनचे भाडे परवडत नाही. आणि जिल्ह्याच्या अहवालात एका शाळेचा पट वाढला ही यशोगाथा म्हणून छापली जाते. वाढलेला पट कुठून आला याची नोंद केंद्रप्रमुखांकडे असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून ती अर्ध्या दिवसात काढता येईल.

बक्षिसांनी ही दरी आणखी रुंदावते. 2023-24 च्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात तालुक्यातल्या पहिल्या शाळेला 3 लाख आणि जिल्ह्यातल्या पहिल्या शाळेला 11 लाख रुपये होते. परिसराची सजावट, परसबाग, पालक आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग, हे सगळे त्यात मोजले गेले. ज्या शाळेने आधीच वर्गणी जमवली तिलाच वर बक्षीस. 18 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयातली दत्तक शाळा योजनाही तशीच चालते. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर 50 लाखांच्या, दहा वर्षांसाठी 1 कोटीच्या वस्तू वा सेवा द्यायच्या, रोख नाही. शाळा देणगीदाराने निवडायची. तो कोणती निवडेल? रस्त्याकडेची, उद्घाटनाला गाड्या पोहोचतील अशी, फोटो चांगला येईल अशी. कंपनी कायद्याच्या कलम 135 मध्ये सीएसआरसाठी कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितले आहे. त्यामुळे शिरवळचा पैसा आपणहून कांदाटीत जाणार नाही. तो तिथवर न्यायचा तर जिल्हा परिषदेलाच मध्ये उभे राहावे लागेल.

जी मदत गरजू शाळेपर्यंत पोहोचते, तिचेही पुढे काय होते ते सांगायला हवे. टीव्ही भिंतीवर लागतो, पण थकबाकीमुळे महावितरणने जोडणी तोडलेली असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे कोणी सांगत नाही, उन्हाळ्याच्या सुटीत ती कोरडी पडते आणि जूनमध्ये चार्जच धरत नाही. पाणी शुद्धीकरण यंत्राच्या फिल्टर कँडल वेळेवर बदलाव्या लागतात. त्याला पैसा नाही म्हणून यंत्र तसेच चालवले जाते, ते बंद यंत्रापेक्षा वाईट. देणगीदार वस्तू देतो, देखभाल देत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) वस्तू चढते, पुढच्या तपासणीत 'डिजिटल शाळा' म्हणून मोजली जाते, आणि ती शाळा मदतीच्या यादीतून कायमची बाहेर पडते.

आता पालकांच्या सहभागाबद्दल, कारण सहभाग म्हणजे पैसा असे समीकरण होऊन बसले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा या समितीने करायचा. प्रत्यक्षात बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला लागते. त्या वेळी खुरपणीला गेलेली आई येऊ शकत नाही, एमआयडीसीत पहिल्या पाळीला असलेला बापही नाही. मग प्रोसिडिंगची वही सह्यांसाठी घरोघर फिरते, महिला सदस्याच्या जागी तिचे मालक बोलतात, अध्यक्षपद गावकीच्या राजकारणात ठरते. मेंढपाळ किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला सदस्य हंगामात सहा महिने गावातच नसतो, आणि त्याचे मूल गैरहजर का, यावर त्याच्याशिवाय चर्चा होते. आराखडा गेल्या वर्षीचा नक्कल करून भरला जातो. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची ग्रामसभा होऊन जाते तरी शाळेचे कलम त्यात गेलेले नसते, मग वित्त आयोगाच्या निधीतून शौचालयाचे पाणी होऊ शकत होते ते राहते.

एक गोष्ट खासगीत सगळे बोलतात, लेखी कोणी देत नाही. काही ठिकाणी 'ऐच्छिक' वर्गणी प्रवेशाच्या वेळी मागितली जाते, आणि कोणी किती दिले याची यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. यादीत नाव नसलेला पालक बैठकीला येणे बंद करतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही. ती ऐच्छिक म्हटल्याने यादीची लाज कमी होत नाही.

आमच्या मागण्या खर्चाच्या कमी, शिस्तीच्या जास्त आहेत.

पहिली, लोकवर्गणीवर कधीही सोडायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी जिल्हा परिषदेने ठराव करून जाहीर करावी: वीजबिल, पिण्याचे पाणी, शौचालयाची सफाई, छपराची दुरुस्ती, मंजूर शिक्षक. या बाबींसाठी शाळेने वर्गणी मागितली तर ती शाळेची तत्परता न मानता गटशिक्षणाधिकाऱ्यांनी खुलासा द्यायची बाब मानावी. डोंगरी आणि अवर्षणप्रवण केंद्रांतल्या 30 पेक्षा कमी पटाच्या शाळांना छप्पर आणि पाण्यासाठी सेस फंडातून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून) वेगळी तरतूद असावी, आणि ती शाळेच्या हातात एप्रिलमध्ये पडावी. जूनच्या पावसाआधी काम व्हायचे तर मार्चअखेरच्या पैशाचा उपयोग नाही.

दुसरी, प्रत्येक शाळेची गेल्या तीन वर्षांची लोकवर्गणी, रोख आणि वस्तूंची अंदाजे किंमत मिळून, दर मुलामागे किती पडते ते तालुकावार प्रसिद्ध करावे. शाळेचे नाव आणि युडायस (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतला) क्रमांक पुरे, देणाऱ्यांची नावे नकोत. त्याच तक्त्यात पट, रिक्त पदे, नादुरुस्त खोल्या, स्थलांतरित कुटुंबांतली मुले आणि बारमाही रस्ता आहे की नाही, हेही असावे. ही सगळी माहिती युडायसवर, केंद्रप्रमुखांच्या दप्तरात आणि शाळेच्या किर्दीत आजच आहे, फक्त एका कागदावर नाही. यातून तालुक्यातल्या शाळांची गरजेप्रमाणे क्रमवारी लावावी, ती गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या तालुका केंद्रात) पंधरा दिवस हरकतींसाठी लावावी आणि मग अंतिम करावी. शिक्षकांच्या बदल्यांसाठी अवघड क्षेत्राची यादी होतेच; तीच पद्धत इथे चालेल. तिथल्यासारखे राजकारण इथेही होईल, हे गृहीत धरूनच हरकतींची मुदत ठेवा.

तिसरी सगळ्यात नाजूक. गावाने आपल्या शाळेसाठी गोळा केलेल्या पैशातला हिस्सा कापून दुसऱ्या शाळेला देऊ नका. तसे केले तर पुढच्या वर्षी पावतीच फाटणार नाही, आणि ज्याला गावकी माहीत आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पण जो पैसा गावाचा नाही, म्हणजे सीएसआर, जिल्हाबाहेरचे देणगीदार, दत्तक योजनेतले प्रस्ताव, तो जिल्हा परिषदेमार्फत जातो तेव्हा देणगीदारासमोर क्रमवारीतल्या वरच्या शाळांचीच यादी ठेवावी. त्याला आपल्या आवडीचीच शाळा हवी असेल तर जोडीला यादीतली एक घ्यायला सांगावे. प्रत्येक वस्तूच्या प्रस्तावात तीन वर्षांची देखभाल धरलेली असावी, नसेल तर प्रस्ताव परत. डोंगरातल्या गावांच्या मुंबईकर मंडळांनाही हेच सांगता येईल. यात्रेला ती मंडळे मोकळ्या हाताने देतात, आणि काही गावांत अशी स्थिती आहे की शाळेची इमारत देखणी आणि पट बोटावर मोजण्याइतका, कारण देणाऱ्यांची मुले मुंबईत शिकतात. त्या मंडळांचा पैसा केंद्रातल्या मोठ्या पटाच्या शाळेला किंवा मुलांच्या वाहतुकीला वळला तर अधिक कामी येईल.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली ती याच जिल्ह्यात. मुष्टिफंडाचे मूठभर धान्य घराघरांतून येई, आणि वसतिगृहात त्यावर जेवणारी मुले त्या घरांचीच असत असे नाही. गावाबाहेरच्या मुलासाठी देणे या जिल्ह्याला नवीन नाही. त्यासाठी विश्वासाचा हिशोब लागतो.

पैशाशिवाय वाटून घेता येण्यासारखेही बरेच आहे. केंद्रातल्या शाळांमध्ये पुस्तकपेट्या आणि विज्ञानपेट्या महिन्याला फिरवता येतील, केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते, त्याच दिवशी पेटी बदलावी. मोठ्या शाळेतला शिष्यवृत्तीचा जादा तास शेजारच्या वाड्यांतल्या मुलांना शनिवारी खुला ठेवावा, म्हणजे त्यासाठी दाखला काढून न्यावा लागणार नाही. आणि गुणांकनात शाळेला लोकसहभागाचे गुण रुपयांवर न देता समितीच्या बैठकांवर द्यावेत: बैठक पालकांना जमेल अशा वेळी झाली का, महिला सदस्य स्वतः हजर होत्या का, अनुदानाचा हिशोब मोठ्याने वाचला गेला का, आराखड्यातली किती कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात गेली. सायंकाळी सहा ते सात, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, ही वेळ बहुतेक गावांना चालते. हंगामात बाहेर असलेल्या सदस्याला फोनवरून बोलू द्यावे आणि प्रोसिडिंगमध्ये तसे लिहावे. सहीसाठी वही घरी पाठवणे मात्र लेखी आदेशाने बंद करावे.

पुढची संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होईल. त्याआधी, जूनमध्ये शाळा उघडताना, निदान पाटण, जावळी, महाबळेश्वर, माण आणि खटाव या पाच तालुक्यांचा तक्ता तयार व्हावा. व्हॅनने दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलांची केंद्रवार संख्या त्यात असावी, आणि त्यामुळे ज्या शाळांचे पद जाणार आहे त्यांच्याबाबत आदेश निघण्याआधी त्या शाळेच्या समितीला आपल्यासमोर म्हणणे मांडू द्यावे.

आपले,
सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे काही पालक सदस्य व सेवानिवृत्त केंद्रप्रमुख

प्रत: मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, सातारा, सर्व गटशिक्षणाधिकारी.