‘पाठलाग’ची चांगली प्रत प्रेक्षकांना पाहायला मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हिंदी रहस्यपटांवर आलेला लेख आवडीने वाचला. ‘महल’पासून ‘मेरा साया’पर्यंतचा आढावा लेखकाने मन लावून घेतला आहे. मात्र ‘मेरा साया’ची कथा एका मराठी चित्रपटावरून घेतली होती, एवढे अर्ध्या वाक्यात सांगून लेख पुढे सरकतो आणि त्या मराठी चित्रपटाचे नावसुद्धा येत नाही. तो चित्रपट म्हणजे राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला, १९६४ सालचा कृष्णधवल ‘पाठलाग’. त्याच्यावर जीव असलेल्या माझ्यासारख्या अनेकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी शेवट न फोडता कथेची मांडणी सांगतो. एका गृहस्थाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो त्या दुःखात बुडालेला असतानाच पोलिसांनी पकडलेली एक स्त्री समोर उभी राहते. तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या पत्नीचा आहे आणि आपण त्याची पत्नीच आहोत, असे ती ठामपणे सांगते. प्रकरण न्यायालयात जाते. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेतले खरे रहस्य खून कोणी केला, हे नाहीच. ज्या माणसाबरोबर आपण संसार केला, त्याला आपण कशावरून ओळखतो, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. चेहरा, आवाज, दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी, हे सगळे जुळत असूनही नवऱ्याचे मन ‘ही ती नव्हे’ असे म्हणत असेल, तर न्यायालयाने कोणाचे ऐकायचे?

रहस्य एकदा कळले की असा चित्रपट पुन्हा पाहण्यात काय राम, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. ‘मेरा साया’ पाहिलेल्यांना तर शेवट आधीच माहीत असतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. पहिल्यांदा पाहताना आपण नवऱ्याच्या बाजूने बसलेले असतो आणि पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या स्त्रीचे प्रत्येक उत्तर संशयाने ऐकतो. दुसऱ्यांदा पाहताना तीच उत्तरे, तेच शब्द, तोच स्वर. परंतु अर्थ पार बदललेला असतो, आणि आपण नवऱ्याऐवजी तिच्याकडे पाहू लागतो. अभिनेत्री भावना यांनी ही दुहेरी भूमिका अशा बेताने केली आहे की दोन्ही वेळा ती खरीच वाटते. शेवट कळल्यानंतरही ज्या रहस्यपटाकडे लोक परत परत वळतात, त्याच्या पटकथेत दम असला पाहिजे, हे उघड आहे. या चित्रपटाच्या चाहत्यांमध्ये एक संकेत मला नेहमी दिसतो. नव्या माणसाला चित्रपट सुचवताना कोणीही शेवट सांगत नाही, आणि कोणी सांगू लागलाच तर बाकीचे त्याला अडवतात.

‘पाठलाग’ कोणत्या काळात आला, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९५९ साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला होता आणि त्यानंतर मराठी निर्मात्यांचा सगळा ओढा तमाशापटांकडे होता. उरलेली जागा कौटुंबिक चित्रपटांनी व्यापलेली होती. अशा वेळी न्यायालयातल्या उलटतपासणीवर उभा असलेला रहस्यपट मराठीत काढणे हे धाडसच होते. ते केले कोणी, तर ज्यांच्या नावावर ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ होते, त्या राजाभाऊंनी. हसवणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा दिग्दर्शक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता; प्रेक्षकाला शेवटपर्यंत अंधारात ठेवण्याचे कसबही त्यांच्याकडे होते, हे ‘पाठलाग’ने दाखवून दिले. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही या चित्रपटाला मिळाला होता. इतका मान मिळालेले काम पुढे विस्मरणात जावे, याचे वाईट वाटते.

आता ‘मेरा साया’विषयी. त्याचे दिग्दर्शक राज खोसला आणि नायिका साधना यांनी १९६४ सालीच ‘वो कौन थी?’ हा कृष्णधवल रहस्यपट केला होता. एकाच चेहऱ्याभोवती गुंफलेल्या गूढाची त्यांना आधीपासूनच गोडी होती. त्यामुळे ‘पाठलाग’ची कथा त्यांच्या हाती पडणे स्वाभाविक होते. १९६६ साली त्यांनी सुनील दत्त यांना घेऊन ती रंगीत पडद्यावर आणली. त्याच्याही आधी, १९६५ साली, तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ या नावाने तिचा चित्रपट झाला होता. एका मराठी कथेवर दोन वर्षांत दोन भाषांमध्ये चित्रपट निघाले, ही मराठी चित्रपटसृष्टीने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. ‘मेरा साया’ला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. मदनमोहन यांच्या संगीतावर माझेही प्रेम आहे. परंतु ‘तू जहाँ जहाँ चलेगा’ ऐकताना माझ्या कानात हटकून ‘पाठलाग’मधले ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ वाजू लागते. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर. तू जाशील तिथे मी तुझ्यामागे असेनच, ही हिंदी गीतातली कल्पना माडगूळकरांनी आधीच लिहून ठेवली होती, आणि तीही अशी की चित्रपटाचे नाव त्या गाण्याच्या ओळीतच सापडावे. हे गाणे आजही घराघरांत ऐकले जाते. ते कोणत्या चित्रपटातले, हे मात्र ऐकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच सांगता येते.

या चित्रपटाची कळकळ वाटण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्याचे नायक डॉ. काशिनाथ घाणेकर. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या, या दोन भूमिकांच्या मधोमध ‘पाठलाग’ येतो. म्हणजे रंगभूमी गाजवणारा हा नट ऐन भरात असतानाचे हे काम आहे. नाटकातला नट पडदा पडला की फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहतो. ज्यांनी ती नाटके पाहिली, ती पिढी आता थकली आहे. २०१८ साली त्यांच्या जीवनावरचा चित्रपट आला, तेव्हा अनेक तरुणांना पहिल्यांदाच त्यांचे नाव कळले आणि खरे घाणेकर कसे दिसत, कसे बोलत, हे पाहण्याची उत्सुकता वाटू लागली. अशा मुलांना मी स्वतः ‘पाठलाग’ पाहायला सांगितले आहे.

आणि तिथेच अडचण येते. जी प्रत त्यांच्या हाती लागते, तिच्यात कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह चिकटलेले असते. आजच्या रुंद पडद्यात बसवण्यासाठी चित्र आडवे ताणलेले असल्यामुळे माणसे बुटकी आणि चेहरे फुगलेले दिसतात. काळा रंग करडा झालेला आणि पांढरा रंग इतका भगभगीत, की कपाळ, गाल आणि मागची भिंत एकमेकांत मिसळून जातात. ज्या चित्रपटाचे सगळे रहस्य एका चेहऱ्यात आहे, त्यात तो चेहराच नीट दिसत नसेल, तर नवा प्रेक्षक दहा मिनिटांत उठून जातो आणि जुने मराठी चित्रपट असलेच असतात, असा ग्रह करून घेतो. यात त्याचा काही दोष नाही.

वास्तविक कृष्णधवल चित्रपट रंगीत चित्रपटापेक्षा चांगला वाचवता येतो. रंगीत फिल्मवरची रंगद्रव्ये काळानुसार उडतात. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा मात्र धातुरूप चांदीच्या कणांची असते आणि फिल्म नीट धुतलेली असेल, थंड व कोरड्या जागी ठेवलेली असेल, तर ती दीर्घकाळ टिकते. धोका असतो तो खालच्या पट्टीला. त्या काळात वापरली जाणारी अ‍ॅसिटेटची पट्टी उष्णतेने आणि दमट हवेने कुजू लागते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आकसते आणि शेवटी यंत्रावर चढवण्याच्या लायकीची राहत नाही. ही कूज एकदा सुरू झाली की थांबत नाही, फार तर मंदावते. म्हणून मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रत जिथे कुठे असेल, तिथून तिचे उच्च दर्जाचे स्कॅनिंग शक्य तितक्या लवकर व्हायला हवे.

योगायोग असा की पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ सालीच, म्हणजे ‘पाठलाग’च्याच वर्षी स्थापन झाले. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली विविध भाषांतल्या सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनर्संचयनाची घोषणा केंद्र सरकारने २०२२ साली केली आहे. जुन्या मराठी चित्रपटांचा विषय निघाला की संत चित्रपट आणि सामाजिक चित्रपट आधी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण रहस्यपट म्हणजे हलकी करमणूक, असे मानून तो यादीच्या तळाशी टाकला जाऊ नये. चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे असतील, त्यांनी आणि संग्रहालयाने एकत्र बसून ‘पाठलाग’चा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वाहिन्यांनीही हा चित्रपट दाखवताना निदान चित्र ताणू नये आणि श्रेयनामावली कापू नये. ज्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, त्या तंत्रज्ञांची दखल फक्त तिथेच उरली आहे.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. रहस्यपटांवरच्या लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल, तर तो पूर्ण भाग ‘पाठलाग’ला द्यावा. कथा, पटकथा, अभिनय, संगीत यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. लेखकाला फक्त एवढेच सांगावे की शेवट छापू नये. तो अजून ज्यांना ठाऊक नाही, असे वाचक आपल्याकडे नक्कीच असतील.

आपला,
एक नियमित वाचक