झिजलेलं चांदीचं नाणं ग्रेडिंगला पाठवावं का?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं झिजलेलं चांदीचं नाणं ग्रेडिंगला, म्हणजे तपासून श्रेणी लावून घ्यायला, पाठवावं का, असं तू विचारलंस. आधी एक, ते नाणं कृपा करून उजळायला घेऊ नकोस. त्यावरचा काळपट थर मळ नाही, चांदीचं सल्फाइड आहे, आणि पृष्ठभाग मूळचा असल्याची खूण तोच देतो. वापरून झिजलेल्या नाण्याचे उंच भाग, म्हणजे गाल, केस, फिकट करडे दिसतात आणि अक्षरांच्या खाचा गडद राहतात. दोन्हीकडे सारखीच पांढरी चमक असेल, तर कुणीतरी ते आधीच घासलं आहे. एकाच दिव्याखाली नाणं तिरकं फिरवून पाच पटीच्या भिंगातून पाहा. एकाच दिशेने जाणारे केसासारखे ओरखडे दिसले की पीसीजीएस आणि एनजीसी ही नाण्यांना श्रेणी लावणारी दोन्ही अमेरिकन केंद्रं श्रेणीचा आकडा देत नाहीत, ‘डिटेल्स’ म्हणजे ‘खरं, पण बिघडवलेलं’ असा शेरा मारतात. साध्या नाण्याच्या बाबतीत अशा शेऱ्यावर खर्च करणं मला तरी पटत नाही. कडाही नीट तपास. पूर्वी दागिन्यात वापरलेल्या नाण्याला कडी लावलेली असते. ती काढली तरी डाखाचा ठिपका किंवा कानशीची खूण उरते.

मग वजन. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. झीज वजन कमी करते, वाढवत कधीच नाही. त्यामुळे ठरलेल्या वजनापेक्षा नाणं ठळकपणे जड भरलं तर संशय घे. हलकं भरलं तर मात्र घाई नको, घनता काढ. झिजल्याने घनता बदलत नाही, म्हणून जुन्या नाण्याला हीच कसोटी खरी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आण. बारीक दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला टेकू देऊ नकोस. नाण्याला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भाग. 90 टक्के चांदीला 10.3च्या आसपास उत्तर येतं. मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं 90 टक्के चांदीचं जुनं नाणं, नवा असताना 26.73 ग्रॅम असतो, म्हणजे पाण्यात साधारण 2.6 दिसायला हवेत. शेवटी मऊ कागदाने टिपून घे, चोळू नकोस.

श्रेणी 1 ते 70 या शेल्डन मापावर ठरते. अक्षरं कडेत विरघळली असतील तर 3, बाह्यरेषा आणि कड शाबूत असेल तर 4, बारीक तपशिलाचा बराच भाग टिकला असेल तर 20च्या पुढे. तुझा अंदाज येईल त्याच्या एक पायरी खालचीच श्रेणी धर, आपल्या नाण्याकडे आपण मायेने पाहतो.

पण निर्णय झिजेवर नाही, साल आणि टाकसाळीच्या चिन्हावर होतो. 1893चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन डॉलर फक्त 1,00,000 निघाला. तो गुळगुळीत झाला असला तरी पाठवावा, कारण साध्या नाण्यावर ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचं चिन्ह चिकटवलेल्या नकला फिरतात आणि नाणं चांदीचंच असल्याने घनता तिथे काही सांगत नाही. ग्राहक पैसे मोजतो ते खरेपणाच्या दाखल्यासाठी. याउलट फार मोठ्या संख्येने निघालेलं साल 8 किंवा 12 श्रेणीत असेल तर त्याची किंमत चांदीच्या भावाच्या आसपासच राहते.

हिशेब असा कर: केंद्राने सीलबंद करून दिलेलं त्याच श्रेणीचं नाणं लिलावात प्रत्यक्ष ज्या भावाला गेलं, त्यातून सुट्या नाण्याचा भाव वजा कर. उरलेली रक्कम शुल्क, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा यांच्या दुप्पट तरी हवी. विक्रेत्यांनी मागितलेले भाव धरू नकोस.

तोवर नाणं पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नकोस, त्यातून हिरवट चिकट थर धरतो. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन आणि घनता कळव.

तुझा,
अविनाश